एका बोटाचं काजळ

माझ्या घरात काजळाची डबी नाही. नातवंडं झाली तेव्हा गल्लीतल्या बायका बाळ पाहायला यायच्या, आणि पहिलं विचारणं हेच, की लेकराच्या डोळ्यात काजळ काहून नाही, नजर लागते ना. मी म्हणायची, लागू द्या. त्या एकमेकींकडे पाहत आणि म्हातारीचं डोकं फिरलं समजून गप्प बसत. आता लिहायला बसलेच आहे तर ते कारण सांगून टाकते. एका शाळकरी पोरीचे डोळे माझ्या हातून गेले. मायेनं केलं होतं मी ते. पण गेले.

मी स्वतः शाळेची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढले नाही. माहेरी भाऊ पाटी घेऊन ओसरीवर बसायचा आणि मी आत पीठ मळता मळता ऐकायची. तो उठून गेला की पाटीवरचं पुसायच्या आधी बोटानं गिरवून घ्यायची. पुढे पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकले. दुकानातून हळद आली, गूळ आला, की पुडी सोडायचं काम मी कोणाला करू देत नसे. कागद चुलीत जायच्या आत वाचून काढायचा. बहुतेक वेळा बातमी अर्धीच असायची, पुढचा भाग दुसऱ्या कोणाच्या पुडीला गेलेला. कुठल्याशा गावी एक माणूस विहिरीत उतरला, इथपर्यंत मी वाचलं आहे. तो वर आला की नाही, हे मला आजपर्यंत माहीत नाही. मनात राहून गेलं ते.

लग्न होऊन केनवडपासून दोन कोसांवरच्या गावी आले. शेतीवाडीचं घर, दारात चार बैल, खाण्यापिण्याची ददात नव्हती. ददात होती ती एकाच गोष्टीची. लग्नाला आठ वर्षं झाली तरी माझी मांडी रिकामी. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या तोंडाला झाकण नव्हतं.

ते इंग्रजांच्या मोठ्या लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, पाट्या-पेन्सिली मिळत नव्हत्या. गावच्या शाळेत एकच मास्तर, आणि चार वर्ग एका खोलीत. मास्तर आमच्याच घरी एका खोलीत राहायचे. चौथीचे हिशेब तपासता तपासता त्यांचा दिवस जायचा आणि पहिलीची वीस-बावीस लेकरं भिंतीला टेकवलेल्या पोत्यांसारखी बसून राहायची. एकदा जेवताना ते मामंजींना म्हणाले, की वहिनींना वाचता येतं, सकाळचे दोन तास पहिलीजवळ येऊन बसल्या तर मोठे उपकार होतील. मामंजी शाळेच्या पंचांपैकी होते. नाही म्हणायला त्यांना कारण सापडलं नाही.

सासूबाई भाकर थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सोताच्या मांडीवर काई नाई, आता गावाचं शेंबूड पुसाले चालली."

मला हसू आलं, कारण पहिल्या दिवशी मी नेमकं तेच केलं. शेंबूड पुसले. शाळेपुढे गुरांच्या पाण्याची डोणी होती, तिच्यावर एकेकाचं तोंड धुतलं, मगच अक्षराला हात लावू दिला.

पहिलीला पुस्तक एकच. ते मधे ठेवायचं आणि लेकरांनी भोवती बसायचं. मास्तर एक ओळ म्हणत, पोरं ओरडून तीच म्हणत, आणि असे सगळे धडे त्यांना पाठ झालेले. पुस्तकाकडे कोणी पाहत नसे. हे माझ्या दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं. एकाला मधलीच ओळ दाखवून विचारलं, तर त्यानं पहिल्या ओळीपासून गाडी सुरू केली. मग मी पाठ म्हणणं बंद केलं. तुराटीची एकेक काडी हातात दिली, जे म्हणाल त्या अक्षरावर काडी ठेवायची. धुळीत बोटानं गिरवायचं, आणि गिरवलेल्यावर चिंचोके मांडायचे. चिंचोके फुकटचे, आमच्याच झाडाचे. फडक्यात बांधून न्यायची.

चार लेकरं खोलीत बसत नसत. ती गावकुसाबाहेरच्या वस्तीतली, त्यांची जागा दाराबाहेर पायरीवर. तीन पोरं आणि एक पोरगी, सात वर्षांची असेल. तिची माय निंदायला जायची आणि जाता जाता तिला पायरीवर सोडायची. पुस्तक आत, ती बाहेर. ती दाराच्या चौकटीला टेकून आत वाकून पाहायची. महिनाभरानं मी पुस्तक बाहेर नेऊन तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते उचललं, उलटं केलं, आणि काडी ठेवून वाचायला लागली. एक ओळ, दुसरी ओळ. मला वाटलं थट्टा करते. मग कळलं. रोज ती पुस्तकाच्या वरच्या बाजूनं पाहायची, तिला अक्षरं उलटीच दिसायची, आणि ती तशीच शिकली होती. कोणी न शिकवता. मी पुडीच्या कागदावर शिकले होते, मला त्या पोरीचं काय वाटलं असेल ते सांगायला नको. मी तिला पुस्तक सुलटं धरायला शिकवलं. ती धरायची, पण नाखुशीनं.

प्रत्येक पानाच्या शेवटी ती एकच विचारायची, "याच्या पुढं काय हाय, बाई?"

आता काजळाचं. आमच्या घरचं काजळ गावात नावाजलेलं. एरंडेलाचा दिवा, वर तांब्याची थाळी, आणि जमलेली काजळी घरच्या तुपात खलायची. डोळे थंड राहतात, दुखरा डोळा बरा होतो, नजर लागत नाही, असं मी जन्मापासून ऐकलेलं. तोंड धुऊन बसलेल्या त्या लेकरांकडे पाहून मला वाटलं, एवढंच कमी आहे. डबी घेऊन गेले. रांगेनं बसवून सगळ्यांच्या डोळ्यांत बोट फिरवलं. माझं आपलं लेकरू नव्हतं, आणि इथे वीस-बावीस जण हनुवटी वर करून बसलेले. बायकांना कळेल मी काय म्हणते ते.

पहिले तीन दिवस खोलीतल्यांनाच घातलं. पायरीवरच्यांना शिवायचं नाही ही सवय माझ्याही हाताला होतीच. चौथ्या दिवशी डबी बंद करून पाण्याकडे निघाले, तर ती पोरगी पायरीवर डोळे मिटून, तोंड वर करून बसलेली. मागत नव्हती काही. नुसती बसली होती. मी डबी परत उघडली. चौघांनाही घातलं. मास्तरांनी हजेरीच्या वहीत मान घातली ती मी आत येईपर्यंत वर काढली नाही.

गोष्ट घरी पोचायला किती वेळ लागणार? सासूबाई दारातच उभ्या. "आंघोळ कर, मंग चुलीकडं ये." मी रोज दुपारी दुसऱ्यांदा आंघोळ करायची आणि त्या आंघोळीचा मला अभिमान वाटायचा. एका बोटानं सगळ्या गावाच्या लेकरांना सारखं काजळ घालणारी बाई मी. तेव्हा तसं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

भादव्यात दिराच्या मुलाचे डोळे आले. सहा वर्षांचा, माझ्याच वर्गात. सकाळी पापण्या चिकटलेल्या. मी कोमट पाण्यानं सोडवल्या. तो शाळेसाठी रडायला लागला म्हणून कडेवर घेऊन गेले. आणि त्या दिवशी रांगेत त्याला पहिला बसवला. दुखऱ्या डोळ्याला आधी काजळ, म्हणजे लवकर थंड होईल. पहिलं बोट त्याच्या डोळ्यात, मग पुढच्याच्या, मग त्याच्या पुढच्याच्या, आणि शेवटी पायरी. पायरीवर शेवटची ती. पुढचे चार-पाच दिवस असंच.

आठवडा भरत नाही तोच निम्मा वर्ग डोळे चोळत होता. पुतण्याचे तर उघडेनात. मामंजींनी बैलांची दमणी जुंपायला लावली आणि मी, दीर आणि ते लेकरू वाशीमच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलणारे. पापणी उलटवून पाहिली, कापसानं पुसली, आणि बोटावर आलेला काळा रंग मला दाखवला.

"काजळ कोण घालतं?"

"मीच घालतो जी."

"ह्याला एकट्याला?"

"नाई जी. शायेतल्या समद्या लेकराईले."

"बोट धुऊन?"

मी माझ्या बोटाकडे पाहिलं. बोट धुवायचं कशाला? काजळाचंच तर बोट ते.

त्यांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, "मग ह्याच्या डोळ्यातली घाण तुम्हीच सगळ्यांच्या डोळ्यांत नेली, बाई." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मग दोन बाटल्या दिल्या, तपकिरी औषधाच्या. एक पुतण्याची, दुसरी बाकीच्या लेकरांसाठी. म्हणाले, ज्यांच्या पोटात धड जेवण जात नाही त्यांच्या डोळ्यांत आधी टाका, अशा लेकरांचे डोळे टिकत नाहीत, फूल पडतं. घरी पोचाल त्याच दिवशी टाका.

दीर बाहेर बैलांपाशी होता. हे सगळं मी एकटीनं ऐकलं.

दोन दिवसांनी परतलो, तर आमच्या अंगणात पंच बसलेले. गावाचं आधीच ठरून गेलं होतं. साथ पायरीवरून आली. शिवाशिव झाली, सून त्यांच्या डोळ्यांना हात लावते, तोच हात आपल्या लेकरांना लावते, म्हणून आली. मास्तर कोपऱ्यात उभे होते. मामंजींनी मला विचारलं, डाक्टर काय म्हणे.

मी पदर सारखा केला आणि सांगितलं, "थेंब देल्ले. दिवसातून चार खेपा टाकाचे."

बस, एवढंच. आमच्याच घरून आलं, माझ्याच बोटानं गेलं, हे शब्द तोंडाशी आले होते. सासूबाई समोर होत्या, जाऊ तिच्या लेकराला पोटाशी धरून उभी होती. आठ वर्षं रिकाम्या मांडीचे टोमणे ऐकणारी बाई मी. दुसऱ्यांच्या लेकरांचे डोळे फोडणारी, एवढं आणखी माझ्या नावाला लागलं असतं. मी आत गेले आणि चहाचं आधण ठेवलं. बाहेर ठरलं, की उद्यापासून पायरीवरची चार शाळेत यायची नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी औषध टाकलं. खोलीतल्या सगळ्यांना टाकलं, दर खेपेला हात धुऊन, दर डोळ्याला वेगळा कापूस. एकेक बरा होत गेला. पायरी रिकामी. वस्तीत जायचं तर घरचे विचारणार, काहून जातेस? आणि त्याला उत्तर एकच होतं. उद्या जाते, म्हणायची. बाटली कनवटीला लावलेली असायची, चालताना मांडीला लागायची. असे सात दिवस गेले. सात, मी मोजले आहेत.

आठव्या दिवशी मास्तर शाळेच्या डोणीवर हात धूत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "वहिनी, ती पोरगी भिंतीले हात लावून चालून राह्यली."

मी तशीच गेले. डोक्यावरचा पदर सांभाळत, भर दुपारी, सगळ्या गावादेखत. झोपडीत ती कुडाला टेकून बसलेली, डोळ्यांवर ओलं फडकं. फडकं मी उचललं. दोन्ही बुबुळांवर पांढरं फूल. जवसाच्या दाण्याएवढं एक, दुसरं पूर्ण. तिनं माझ्या बांगड्यांवरून ओळखलं. म्हणाली, "बाई, शाया कवा भरते?"

बाकीच्या तिघांचे डोळे आपोआप बरे झाले होते. त्यांच्यातल्या एकाच्या घरी शेळी होती, दुसऱ्या दोघांचं पोट त्यातल्या त्यात भरत असावं. हिचं नाही. तिची माय निंदण सोडून घरी बसली होती. तिनं हळद लावली होती, कोणा बाळंतिणीकडून दूध मागून ते डोळ्यांत पिळलं होतं. करायचं ते सगळं केलं होतं. जे करायला हवं होतं ते माझ्या कनवटीला होतं.

पंधरा दिवस रोज जाऊन थेंब टाकले. एका डोळ्याला ऊन आणि सावली एवढं कळायला लागलं. त्याच्यापुढे काही नाही. शेवटच्या दिवशी बाटली संपली तेव्हा मी तिच्या मायला सगळं सांगितलं. पुतण्याचं, बोटाचं, डॉक्टर काय म्हणाले ते, आणि सात दिवसांचं. रडत रडत सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. ती रडली नाही. सूप हातात होतं, ते तिनं खाली ठेवलं.

"हे तुमी तिथं सांगाले पायजे होतं, बाई," ती म्हणाली. "मले सांगून काय होते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी पंचांबरोबर ओसरीवर बसले असताना मी दारात उभी राहिले आणि सांगितलं. पहिल्यांदाच त्यांच्यापुढे एवढं बोलले असेन. कोणी ओरडलं नाही. मामंजींनी पानाचा डबा उघडला, परत मिटला. मग म्हणाले, डाक्टर लोक काहीही बोलतात. पंच उठून गेले. सासूबाईंनी आत आल्यावर एवढंच विचारलं, आपल्याच घराचं नाव आपल्या तोंडानं काहून खराब करतेस. माझं शाळेत जाणं त्या दिवसापासून बंद झालं. मास्तरांनी मात्र माझं बोलणं धरून ठेवलं. सुनेनं चारचौघांत सांगितलं आहे, असं म्हणत त्यांनी ती तीन पोरं परत आणली. पायरीवर आणली. खोलीत नाही. तेवढंच त्यांना जमलं.

डबी मी गावच्या नाल्यात टाकली.

दिवाळी झाली. कापूस निघायला लागला, कारंजाच्या जिनात सरकी काढायची कामं सुरू झाली आणि वस्तीतली माणसं तिकडे निघाली. तिची मायही जाणार असं कळलं. मास्तरांकडून पहिलीचं पुस्तक एका दिवसापुरतं मागून घेतलं आणि चिंचोक्यांचं फडकं घेऊन मी वस्तीत गेले. काय करणार होते मला माहीत नव्हतं. तिला चिंचोके द्यायचे होते एवढं खरं.

तिनं फडकं सोडलं. जमीन हातानं साफ केली आणि एकेक चिंचोका चाचपत मांडायला लागली. एक अक्षर झालं, त्याच्या शेजारी दुसरं. वर्गात आम्ही जिथवर आलो होतो, त्या धड्याची शेवटची ओळ ती मांडत होती, गाय रानातून घरी आली. मी तिच्या समोर बसले होते, आणि ओळ मला सुलटी दिसत होती. तिच्या बाजूनं उलटी. तिनं ती पहिल्यांदा जशी पाहिली होती तशीच मांडली होती.

"बरोबर हाय का, बाई?"

"हाय."

"याच्या पुढं काय हाय?"

मी पुस्तक उघडलं आणि पुढचा धडा वाचला. सबंध वाचला. तिनं एकदा ऐकला आणि जसाच्या तसा म्हणून दाखवला, बोट जमिनीवर फिरवत. पाठ म्हणू नका, म्हणून मी ज्यांना रोज दटावलं त्यांच्यात ही पण होती. आता मी काही म्हटलं नाही. तिच्या मायनं बाहेरून हाक मारली, की उन्हाच्या आत निघायचं आहे. ती म्हणाली, अजून एक ऐकून येतो. मायनं पुन्हा हाक मारली. पोरीनं चिंचोके जमिनीवरून वेचले, चाचपून चाचपून, एकही मागे ठेवला नाही. फडक्याची गाठ मी बांधून दिली.

ती मायच्या पदराचं टोक धरून गेली. पुढच्या वर्षी माणसं जिनातून परत आली, त्यांच्यात त्या दोघी नव्हत्या. कोणी म्हणे तिथेच राहिल्या, कोणी म्हणे पुढे गेल्या. मी कारंजाला तीनदा जाऊन आले. नंतर माझीही लेक झाली, तिला घेऊनसुद्धा एकदा गेले. विचारायचं तरी कोणाला, कळलं नाही.

पुस्तक मी त्याच दिवशी मास्तरांना परत नेऊन दिलं. देण्याआधी पाहून घेतलं. त्यात अजून अकरा धडे होते.